नमस्कारानंतरचा मजकूर

२०१३ च्या पावसाळ्यात इंदूरच्या काकांचे प्रतिसाद अर्धवट यायला लागले.

आमचा इंटरनेटवरचा चर्चाफलक जुन्या हिंदी चित्रपटगीतांचा होता. १९३१ साली बोलपट सुरू झाला तिथपासून साधारण १९७० पर्यंत जे काही तबकडीवर उतरलं ते सगळं आमच्या हद्दीत. काका तिथले सगळ्यांत लांबलचक लिहिणारे सभासद. कुठल्याही गाण्याचा विषय निघाला की तो सिनेमा त्यांनी कुठल्या टॉकीजमध्ये पाहिला, सोबत कोण होतं, मध्यंतरात काय खाल्लं हे सगळं आधी यायचं आणि मग मुद्दा. असा माणूस एकदम एका ओळीत आटपायला लागला. 'बरोबर ओळखलंत.' बस. 'ही रेकॉर्ड माझ्याकडे आहे.' पुढे कोरं. कुणाला वाटलं काका रुसले, कुणाला वाटलं तब्येत बिघडली. नाशिकच्या एका दंतवैद्य सभासदाने मला व्यक्तिगत निरोप पाठवून हळूच विचारलं, त्यांच्या घरी कुणाला फोन करता येईल का.

फलकाची अ‍ॅडमिन मी. दिवसा पुण्यातल्या एका कंपनीत लोकांचे डेटाबेस सांभाळायचे, रात्री हा. त्या रात्री मी प्रतिसादांचा तक्ता उघडून काकांच्या नोंदी एकाखाली एक लावल्या आणि दहा मिनिटांत कारण सापडलं. मुलाने त्यांना नवा स्मार्टफोन घेऊन दिला होता. कीबोर्डवर त्यांना हात जोडल्याचं चित्र सापडलं होतं. काका जुन्या वळणाचे, पहिलं वाक्य झालं की नमस्कार घालायचे आणि मग सविस्तर लिहायचे. आमचा डेटाबेस मात्र एका अक्षराला तीन बाइट जागा ठेवणारा. देवनागरीचं अक्षर तीनात बसतं, इमोजीला चार लागतात. चौथा बाइट दिसला की तो तिथूनच पुढचा सगळा मजकूर कापून टाकी आणि तक्रारही करत नसे. पाठवण्याआधीच्या नमुन्यात सगळं नीट दिसायचं, त्यामुळे काकांना संशय यायचं कारणच नव्हतं.

चूक आमचीच. डेटाबेसाचा जुना ढाचा वर्षानुवर्षं कुणी हलवला नाही. एका रात्रीत मी तक्ते चार बाइटांवर नेले आणि काका पुन्हा पूर्ववत मध्यंतरातल्या शेंगदाण्यांसकट यायला लागले. पण त्या तीन आठवड्यांत कापलेलं काही परत आलं नाही, कारण ते कधी साठवलंच गेलं नव्हतं. त्यात एक प्रतिसाद असा होता, की तो आठवला की अजून हळहळ वाटते. 'ही रेकॉर्ड माझ्याकडे आहे' हाच तो. त्याच्याकडे नंतर येते.

मी या सगळ्यात पडले ती १९९८ मध्ये. वायटूकेच्या लाटेत न्यू जर्सीला गेले होते. दिवसभर दोन आकडी वर्षांची चार आकडी वर्षं करायची आणि संध्याकाळी अपार्टमेंटवर येऊन खिचडी टाकायची. घरची आठवण आली की मी 'रेक डॉट म्युझिक डॉट इंडियन डॉट मिस्क' उघडायचे. सगळे त्याला आरएमआयएम म्हणत. यूझनेटचा तो एक कोपरा. यूझनेटची कल्पना १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना सुचलेली. एका संगणकावर टाकलेला मजकूर फोनच्या तारेवरून दुसऱ्याकडे जाई, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, आणि सगळीकडे त्याची प्रत राही. मालक असा कुणी नव्हता. आरएमआयएमवर तेव्हा परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलेले भारतीय इंजिनियर आणि प्राध्यापक पुष्कळ, त्यात मराठी माणसंही बरीच. देवनागरी सहजपणे पडद्यावर उमटत नव्हती, म्हणून अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्स पद्धतीने गाणी रोमन लिपीत लिहायची. मोठा टी म्हणजे ट, मोठा एन म्हणजे ण. या खटाटोपातून लोकांनी आयट्रान्स साँगबुक उभं केलं. आज कुठलंही गाणं शोधलं की त्याचे शब्द समोर येतात, त्यातली कितीतरी अशीच कुणीतरी रात्री जागून टंकलेली आहेत.

पुढे यूझनेटवर जाहिरातींचा चिखल झाला. २००३ मध्ये आम्ही चौघांनी मिळून वेगळा फलक काढला. सॉफ्टवेअर फुकटातलं, जागा भाड्याची, भाडं चौघांत वाटून. मी त्याच वर्षी पुण्याला परतले आणि चौघांतली डेटाबेस येणारी मी एकटीच, त्यामुळे चाव्या माझ्याकडे आल्या. माझा आयडी असा होता की त्यावरून बाई की पुरुष ते कळत नसे. काका मला 'अ‍ॅडमिनसाहेब' म्हणत. २००५ मध्ये पुण्यात गटग, म्हणजे गेट-टुगेदर, ठरलं, काका इंदूरहून रात्रीच्या बसने आले, मला बघून अर्धा मिनिट गप्प झाले आणि म्हणाले, 'अहो, मग इतके दिवस मी भांडलो ते तुमच्याशी?' त्यानंतरही ते 'अ‍ॅडमिनसाहेब'च लिहीत राहिले. सवय म्हणाले.

गटग हा शब्द मराठी संकेतस्थळांवरून आमच्या मराठी कोपऱ्यात आला. मायबोली १९९६ पासून होती, मिसळपाव २००७ मध्ये आलं, आणि आमची निम्मी मंडळी तिकडेही पडीक असत. त्यामुळे धागा वर काढणं, डुआयडी पकडणं, जिलब्या पाडणं, अवांतर करणं, रोमात राहणं, धाग्याचं काश्मीर होणं, ही सगळी भाषा आमच्याकडेही चाले. रोमात म्हणजे नुसतं वाचणारा, तोंड न उघडणारा. अ‍ॅडमिनच्या नजरेला हे रोमातले लोक दिसतात. रोज रात्री साडेदहाला येऊन तासभर वाचणारा आणि नऊ वर्षांत एक अक्षरही न लिहिलेला एक आयडी होता. मला त्याच्याविषयी विलक्षण आपुलकी वाटे.

आम्ही बोलायचो काय, हे बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. त्यामुळे सिनेमातलं कडवं रेकॉर्डवर नसतं, कधी रेकॉर्डवरचं सिनेमात नसतं, कधी दोन्हींकडे गाणारा गळा वेगळा. लेबलवर छापलेलं नाव खरं असेलच असं नाही. 'महल'च्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर १९४९ मध्ये गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं. कामिनी हे मधुबालाच्या पात्राचं नाव, गळा लता मंगेशकरांचा. मग पुरावा कशाचा धरायचा? लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स नंबर, कंपनीचा कॅटलॉग, त्या वेळची पुस्तिका, आणि कान. या चारांत जुंपली की पंधरा-पंधरा पानं धागा चाले. एकदा तबकडी नेमक्या किती वेगाने फिरवून ध्वनिमुद्रण उतरवलं यावर वाद झाला. वेग जरा वाढला की पट्टी अर्ध्या सुराने चढते आणि गायिकेचं वय पाच वर्षांनी उतरतं. त्यात एक सभासद हार्मोनियम घेऊन बसला, दुसऱ्याने पट्टीचं गणित मांडलं, आणि तिसऱ्या आठवड्यात दोघेही चुकले असल्याचं एका गृहस्थांनी दाखवून दिलं, ज्यांनी आयुष्यभर ग्रामोफोन दुरुस्त केले होते.

आणि आकड्यांची भांडणं. १९७४ च्या गिनेस बुकात लताबाईंच्या नावावर पंचवीस हजार गाणी पडली, रफींनी हरकत घेतली, १९९१ मध्ये ती नोंद वगळली गेली. दर सहा महिन्यांनी कुणीतरी नवखा येऊन तो आकडा टाकायचा आणि आमचे जुने खोंड शिंगं रोखून धावायचे. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज़' यांनी १९३१ पासून १९८० पर्यंतची हिंदी चित्रपटगीतं पाच खंडांत नोंदवून ठेवली आहेत, चित्रपटवार. विश्वास नेरूरकरांनी लताबाईंच्या गाण्यांची सूची केली. या दोन्ही माणसांच्या कामात बोट घालून मोजलं तर पंचवीस हजार हा आकडा कुठेच भेटत नाही. हे आम्ही किती वेळा लिहिलं असेल! शेवटी मी तो धागा सगळ्यांत वर चिकटवून टाकला. तरी लोक विचारत. पण तेव्हा निदान दाखवायला एक जागा होती. 'तिथे जा, वाचा आणि मग या.'

हे 'मग या' फार तुसडेपणाने म्हटलं जायचं, हे आता कबूल करते.

२००६ मध्ये नाशिकच्या दंतवैद्यांनी एक प्रश्न टाकला होता. १९४८ च्या एका पडलेल्या चित्रपटातलं द्वंद्वगीत. दुसऱ्या अंतऱ्याआधी तिसराच एक पुरुषाचा आवाज येतो, अर्धी ओळ गाऊन निघून जातो. हा कोण? चौदा जणांनी चौदा नावं सांगितली. संगीतकार स्वतःच असेल. त्याचा सहायक असेल. सारंगीवाला असेल. पुरावा कुणाकडेच नव्हता. धागा खाली गेला. २००८ मध्ये कुणीतरी तो वर काढला, २०१० मध्ये पुन्हा. २०१३ मध्ये काकांनी त्यात लिहिलं, 'ही रेकॉर्ड माझ्याकडे आहे', हात जोडले, आणि पुढचं आमच्या डेटाबेसाने कापलं.

मी त्यांना फोन करून विचारलं की पुढे काय लिहिलं होतं. ते म्हणाले, 'काय बुवा, आठवत नाही. लेबल बघून सांगतो.' रेकॉर्ड माळ्यावरच्या कुठल्या पेटीत होती ते सापडेना. असंच राहिलं.

ओर्कुट २००४ मध्ये आलं तेव्हा आम्ही नाक मुरडलं होतं. तिथले समूह म्हणजे कुणी कुणाचं चाहतं आहे याची पाटी लावण्याची जागा, असं आमचं मत. आमची पोरं तिकडे 'स्क्रॅप' टाकायची आणि आमच्याकडे यायची. २०१४ च्या ३० सप्टेंबरला ओर्कुट बंद झालं तेव्हा फलकावर एक-दोघांनी गंमत म्हणून श्रद्धांजली वाहिली. पण तोवर फेसबुक आलेलं होतं, आणि त्याने जे केलं ते आमच्या लक्षात आलं नाही, कारण कुणी सोडून जातो म्हणून गेलंच नाही. भांडण नाही, निरोप नाही. माणसं म्हणत, 'तिकडे टाकलंय, बघा ना.' मग म्हणत, 'दोन्हीकडे टाकतो.' मग फक्त तिकडे टाकत. अ‍ॅडमिनला हे आलेखात दिसतं, पण आलेखाचा उतार इतका मंद होता की दर महिन्याला वाटे, परीक्षांचा महिना आहे, सणाचा आहे, विश्वचषक आहे.

खरी खूण मला आलेखातून कळली नाही, एका मेलमधून कळली. आमच्याकडे यंत्रमानवांच्या खोट्या नोंदण्या रोखायला नाव नोंदवताना एक प्रश्न विचारायचो: बिनाका गीतमाला कोण सादर करायचं? यंत्राला येणार नाही, माणसाला येणारच, असा हिशेब. २०१५ मध्ये लातूरच्या एका इंजिनियरिंगच्या मुलाचा मेल आला. त्याला सी. रामचंद्र फार आवडत होते, त्याला आमच्याकडे लिहायचं होतं, आणि दरवाज्यावरच्या प्रश्नाचं उत्तर त्याला येत नव्हतं. गीतमाला १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झाली. तो जन्मला तेव्हा तिचे शेवटचे दिवस होते. अमीन सायानींचं नाव त्याने कुठून ऐकावं? आम्ही यंत्रांसाठी कुलूप लावलं होतं आणि बाहेर पोरगं उभं होतं.

मी त्याला आत घेतलं, प्रश्न बदलला. त्याने आल्याआल्या 'अलबेला'तल्या चितळकरांच्या आवाजाविषयी एक धागा काढला. भाबडा, पण मनापासून लिहिलेला. तासाभरात आमच्या एका ज्येष्ठाने खाली टाकलं: 'यावर चर्चा झालेली आहे. आधी शोधावे.' दुवाही दिला नाही. मी ते वाचलं, ज्येष्ठांना काही बोलले नाही. दमले होते, सकाळी कामावर जायचं होतं, आणि खरं सांगायचं तर ज्येष्ठ दरवर्षी भाड्यातला मोठा वाटा उचलायचे. मुलगा पुन्हा आला नाही. काही महिन्यांनी तोच मजकूर मला फेसबुकवरच्या एका जुन्या गाण्यांच्या गटात दिसला. अंगठ्यांचा पाऊस होता, बदाम होते, 'वाह' होते. माहिती एका ओळीचीही नव्हती. पण हाकललं कुणी नव्हतं.

समाजमाध्यमांनी फलक मारले असं म्हणायची पद्धत आहे, मीही चारचौघांत तसंच म्हणते. पण त्या मुलाच्या बाबतीत तरी तसं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप आल्यावर मात्र आमची ज्येष्ठ मंडळीच आधी गेली. २०१४ च्या सुमारास त्यांचा गट झाला, मला न विचारता मला त्यात घातलं गेलं. २०१६ मध्ये गटाची मर्यादा शंभरावरून दोनशे छप्पनवर गेली आणि ओळखीच्यांचे ओळखीचे आत आले. सकाळी फुलं, दुपारी औषधी पाला, संध्याकाळी राजकारण, आणि मध्येच कुणीतरी १९३९ च्या एका गाण्याविषयी असं काही लिहून जायचं की मी हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून फोन उचलायचे. एकदा एका गृहस्थांनी एका रेकॉर्डचा मॅट्रिक्स नंबर आणि ध्वनिमुद्रणाची तारीख असं दोन्ही दिलं. मूळ पुस्तिकेवरून. आम्ही आठ वर्षं त्यावर भांडत होतो! रात्री निवांत उतरवून घेऊ म्हटलं. रात्रीपर्यंत त्यावर कुणाच्या तरी नातीच्या वाढदिवसाचे अडीचशे निरोप चढले. शोधलं, सापडलं नाही. त्यांनाच विचारलं, तर त्यांनी फोन बदलला होता. 'पुन्हा बघून सांगतो,' म्हणाले. हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे.

तरी एक गोष्ट तिथे झाली ती आमच्याकडे कधी झाली नसती. फलकावर चाल लिहून सांगावी लागे. सरगम येणारे सरगम लिहीत, बाकीचे 'टँटॅटँ टँ टँ' करत, आणि त्यावरून गाणं ओळखणं हा एक वेगळाच विनोदी धागा होता. व्हॉट्सअ‍ॅपवर काकांनी एक दिवस आवाज टाकला. चौऱ्याऐंशीचा माणूस, दम लागलेला, मागे कुकरची शिट्टी, आणि ते एका हरवलेल्या चित्रपटातलं गाणं गुणगुणत होते, ज्याची रेकॉर्ड कुणाकडे नाही. चाळीस सेकंद. ते मी जपून ठेवलं आहे, तीन ठिकाणी.

काका २०१६ च्या हिवाळ्यात गेले. फलकावर त्यांच्या नावापुढे शेवटच्या भेटीची वेळ राहिली: पहाटे पाच बारा.

मग एकेक सुटत गेलं. आयएमडीबीने २० फेब्रुवारी २०१७ ला आपले चर्चाफलक बंद केले, तेव्हा आमच्याकडे ती बातमी निधनवार्तेसारखी आली. त्याच वर्षी, लोक जिथे फुकट छायाचित्रं ठेवत असत अशा एका कंपनीने नियम बदलले आणि आमच्या जुन्या धाग्यांतली लेबलांची चित्रं एका रात्रीत करड्या चौकोनांत बदलली. 'हे पाहा, स्पष्ट वाचता येतंय' असं वाक्य आणि खाली करडा चौकोन. वाद कोण जिंकलं ते कळतं, कशावर जिंकलं ते कळत नाही. गाण्यांच्या व्हिडिओंचे दुवे तर आधीपासूनच मरत होते.

२०१९ च्या सुरुवातीला जागावाल्यांची सूचना आली की सर्व्हरवरची जुनी प्रणाली काढून टाकणार, नव्यावर या. आमच्या सॉफ्टवेअरला आम्ही सोळा वर्षांत इतकी ठिगळं लावली होती की नव्यावर ते उभंच राहिना. चौघांनी फोनवर बोलून ठरवलं, फलक वाचनमात्र करायचा. म्हणजे सगळी पानं साधी, निर्जीव करून ठेवायची. वाचता येईल, लिहिता येणार नाही.

हे बोलायला सोपं, करायला तीन महिने लागले. २००३ ते २००५ मधला मजकूर डेटाबेसाने भलत्याच संकेतात साठवला होता. त्या काळी बहुतेकांच्या डेटाबेसात न विचारता स्वीडिश वर्णक्रम बसवलेला असे. कारण बनवणारे तिकडचे. उतरवताना देवनागरीच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ घेतलेल्या रोमन अक्षरांच्या रांगा यायला लागल्या. पान पान करत उलटं सुलटं केलं. रात्री हे करताना मी सगळं वाचत बसायचे, तेही एक कारण उशिराचं. आमचाच उद्धटपणा वाचला. माझेही काही प्रतिसाद असे होते की ते चुपचाप गाळावेत असं वाटलं. गाळले नाहीत. एक गाळला.

परवानगीचा प्रश्न वेगळाच. हयात असलेल्यांना मेल टाकले. दोघांनी लिहिलं की आमचं सगळं पुसा. एकाने तर नोकरीसाठी कुणी शोधेल म्हणून, कारण २००४ मध्ये त्याने एका संगीतकाराविषयी फार वाईट लिहिलं होतं. पुसलं. पण त्यांना उत्तर देणाऱ्यांचे प्रतिसाद राहिले, त्यामुळे काही धागे आता अदृश्य माणसाशी भांडल्यासारखे दिसतात. गेलेल्यांना कुणाला विचारणार? काकांच्या घरच्यांना पत्र टाकलं, सूनबाईंचं उत्तर आलं की राहू द्या, नातवंडांना वाचून दाखवते.

'प्रतिसाद द्या' हे बटण मी स्वतः प्रत्येक पानावरून काढलं. म्हणजे एक छोटा प्रोग्राम लिहून काढलं, पण तो चालवताना समोर बसून राहिले.

२०२४ च्या २० फेब्रुवारीला अमीन सायानी गेले. दुसऱ्या दिवशी माझा फोन थांबत नव्हता. 'बहनों और भाइयों' अशा हाकेने सुरू होणाऱ्या ध्वनिफिती एकाच वेळी अकरा गटांतून. लोकांना खरंच वाईट वाटलं होतं, त्याची चेष्टा करायचं मला कारण नाही. त्याच आठवड्यात, २२ तारखेला, गूगल ग्रुप्सने यूझनेटवर नवं लिहिण्याची आणि वाचण्याची सोय बंद केली. जुनं तिथे वाचता येतं. आरएमआयएमवर बऱ्याच वर्षांत लिहिण्यासारखं कुणी काही लिहीत नव्हतं, म्हणून ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी त्या दिवशी माझा १९९८ मधला पहिला निरोप शोधून काढला. एका गाण्याचा राग भैरवी आहे की सिंधु भैरवी, असं विचारलं होतं. सहा उत्तरं. पहिलं सोळा तासांनी आलेलं, आणि त्या सोळा तासांत मला काही वाटलं नसणार.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी काकांच्या सूनबाईंचा मेल आला. माळा आवरताना पेट्या निघाल्या, एका संग्राहकाला द्यायच्या आहेत, त्याआधी तुम्हाला काही हवं आहे का, मामंजी तुमचं नाव घ्यायचे, अ‍ॅडमिनसाहेब म्हणून. मी त्यांना चित्रपटाचं नाव कळवलं. चार दिवसांनी फोटो आला. कडेला टवका उडालेली तबकडी, लेबल शाबूत. मी मोठं करून पाहिलं. गायिकेचं नाव, गायकाचं नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'आणि पार्टी'.

एवढंच. त्या तिसऱ्या आवाजाचं नाव लेबलवर नव्हतंच. मग काकांनी त्या दिवशी नमस्कारानंतर काय लिहिलं होतं? लेबल वाचून नसेल, तर आठवणीतून असेल. कुणाकडून तरी ऐकलेलं असेल. किंवा नुसताच टॉकीजचा आणि शेंगदाण्यांचा मजकूर.

पण हेही कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं. तो धागा उघडला. पान निर्जीव, बटण नाही. मग सर्व्हरवरची मूळ फाइल उघडली आणि शेवटच्या प्रतिसादाखाली हाताने नवा चौकोन आखला, बाकीच्यांसारख्याच रंगाचा. आयडी माझा. तारीख आणि वेळ, जी आधी यंत्र घालायचं, ती घड्याळात बघून स्वतः टंकली. लेबलचा फोटो या वेळी आमच्याच जागेवर ठेवला. खाली लिहिलं की लेबलवर फक्त 'आणि पार्टी' आहे, मॅट्रिक्स नंबर अमुक, प्रश्न अजून उघडा आहे.

मग नाशिकला दंतवैद्यांना दुवा पाठवला. २००६ मध्ये विचारलेलं, त्यांच्या लक्षात असेल की नाही शंकाच होती. दोन मिनिटांत निळ्या खुणा झाल्या. उत्तरात हात जोडल्याचं चित्र आलं. त्यानंतर त्यांच्या नावाखाली ते काहीतरी टंकत असल्याचं बराच वेळ दिसत राहिलं.